तीन तोळे सहा मासे

रविवारी सकाळी आंघोळ-संध्या आटोपली की अण्णा राईलकर ओटीवर सतरंजी अंथरून आपल्या लढाया मांडून बसत. लढाया म्हणजे पदकं. सगळी काशाची, आणि सगळी कुठल्या ना कुठल्या विजयाची. कुठे तट फोडलेला, कुठे तोफा ओढून नेलेल्या, कुठे हरलेला राजा गुडघे टेकून तलवार देतोय. अशी सत्तेचाळीस होती. सोन्याचांदीच्या पदकांकडे अण्णा ढुंकूनही बघत नसत. चांदी साहेबाच्या छातीवर, ते म्हणायचे, आणि कासं ओझी वाहणाऱ्याच्या. खरी मारामारी कोणी केली ते काशाला विचारा.

माणूस मुंबईच्या टांकसाळीत तीस वर्षं धातूचा कस लावून पेन्शनीत निघालेला. मूळ नाव दिनानाथ, पण नागावात त्यांना अण्णा म्हणत. भुताखेतांवर विश्वास नाही, नवससायास नाहीत. त्यांचा देव कुठला म्हणाल तर तराजू. काचेच्या पेटीत ठेवलेला लहानसा तराजू होता, पाव गुंजेचा फरकसुद्धा दाखवणारा. रविवारी ते प्रत्येक पदक पुसून, तोलून, मगच मखमलीवर ठेवत. तोलायची काय गरज, असं कुणी विचारलं तर म्हणत, "सवय."

घरात दोघंच, अण्णा आणि कोकिळाबाई. मूलबाळ झालं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना गोड असं काही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण कोकिळाबाई दोन दिवस माहेरी चौलला गेल्या तर अण्णांच्या घशाखाली घास उतरत नसे. हे ते मेले तरी कबूल करत नसत, आणि साऱ्या आळीला ठाऊक होतं.

"झालं का तुमचं मढ्यांना तेल लावून?" कोकिळाबाई विहिरीवरून ओरडत. "मग पानं मांडा!"

विहिरीवर लोखंडी कप्पी होती. कळशी खाली जाताना ती कुरकुरे आणि वर येताना कण्हे. घरातल्या घड्याळाकडे अण्णांचं लक्ष नसे, पण त्या कप्पीवरून त्यांना दिवसाचा सुमार कळत असे.

तर गोष्ट एकोणीसशे चौतीस सालची. वाडीत माडांवर चढणारा धर्मा नावाचा गडी होता. त्याची बहीण थळला दिलेली. एकदा नारळ सोलता सोलता तो म्हणाला, "अण्णा, थळच्या कोळीवाड्यात ठमाबाय म्हनून हाय. तिच्या देव्हाऱ्यात तुमच्यासारखा बिल्ला हाय बघा. टाकांच्या रांगेत पुजतात."

अण्णांचे कान उभे राहिले. देव्हाऱ्यात देवांचे टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती, असतात, लढाईत गेलेल्या पूर्वजाचाही टाक असतो, हे त्यांना माहीत होतं. पण टाक म्हणून विलायती पदक? दुसऱ्याच दिवशी त्यांनी टांगा केला.

थळला बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांमधून वाट काढत, नाकाला उपरणं लावून अण्णा ठमाबाईच्या दारात पोचले. बाई साठीची, सुकलेली, पण आवाज खणखणीत. मुलगा अनंता ओसरीवर जाळं विणत होता, पंचविशीचा, रुंद खांद्यांचा. कोळीवाड्यात मामलेदारालाही 'तू'च म्हणतात, तेव्हा अण्णांना कोण 'तुम्ही' म्हणणार!

"तो बिल्ला न्हाय," ठमाबाई म्हणाली. "वीर हाय तो. माज्या सासऱ्याचा आजा."

"लढाईत पडला?"

"पडला कुटला! सायबाच्या गलबतावरनं गेला किल्ला घ्यायला. शिडी धरायचं काम. किल्ला पडला, आतल्यांनी हात जोडले, सायब पन थांबला. ह्याचा कोयता थांबला न्हाय. बाया बघितल्या न्हायत, पोरं बघितली न्हायत. एकेकाला एकेक घाव. सायबानं त्याचा बिल्ला दिला. घरी आला, आन् एका दुपारी जेवता जेवता उठला, सख्ख्या भावाला कापला, मग सवताला."

अनंताचे हात जाळ्यावर थांबले होते.

"तवापासनं दर खंडेनवमीला त्याला एक कोंबडा द्यायचा. घरच्या मरदानं. एका घावात. दुसरा घाव पडला न्हाय पायजे. बारा सालांमागं माजा मालक तापानं फणफणला होता. हात कापला, दुसरा घाव पडला. आधी कुत्रा गेला, मग बकरी. आठव्या दिशी माजा थोरला. दर्यात न्हाय, वादळात न्हाय. हितं, ह्या उंबऱ्यात." तिनं आपल्या डाव्या कानाखाली बोट ठेवलं आणि ते उजव्या खांद्यापर्यंत आणलं. "मालक त्याच साली गेला. आता दिवाळीनंतर अनंता मुंबैला गोदीत चाललाय. मग कापनार कोन?"

अण्णांनी ओसरीच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात डोकावून पाहिलं. शेंदराचं बोटभर जाड पूट चढलेलं, पण कडेला मण्यांची किनार उघडी होती. असली किनार त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, अगदी लहान पोराला सुटावं तसं.

"मला दे," ते म्हणाले. "काय हवं ते सांग."

"इकत न्हायत त्याला. द्यायचा असतो, आन् समोरच्यानं घ्यायचा असतो." ती जवळ आली. "तुज्या घरात कोंबडं चालतं?"

अहो, चातुर्मासात ज्यांच्या घरात कांदा उंबरा ओलांडत नाही ते अण्णा! पण समोर ती किनार होती. "चालतं," ते म्हणाले.

ठमाबाईनं त्यांच्या सदऱ्यातून डोकावणाऱ्या जानव्याकडे पाहिलं. मग अनंताकडे पाहिलं. आई होती ती. तिनं पुढे काही विचारलं नाही. दोघांमध्ये नारळ ठेवला, त्यावर विड्याचं पान, पानावर पदक. "दिला," ती म्हणाली. नारळावर हात ठेवून अण्णा म्हणाले, "घेतला."

घरी येऊन त्यांनी चिंच आणि राख घेऊन शंभर वर्षांचा शेंदूर एका दुपारी घासून काढला. खालून समुद्रातला किल्ला निघाला. तटाला शिडी, शिडीच्या टोकाला उघडा माणूस, त्याचा हात वर, हातात कोयत्यासारखं काहीतरी. कडेची अक्षरं झिजलेली. अण्णांच्या कुठल्याही पुस्तकात असं पदक नव्हतं आणि असा किल्लाही नव्हता. तराजूत टाकलं. तीन तोळे सहा मासे. वहीत लिहून त्यांनी ते मखमलीवर मधोमध ठेवलं, आणि त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

आश्विन आला. खंडेनवमीच्या सकाळी धर्मानं कोयता, कुऱ्हाड, पहार धुऊन तुळशीपाशी मांडली. अण्णांनी शेजारी ते पदक ठेवलं आणि चाचरत, इकडेतिकडे बघत, कोकिळाबाईंना सगळं सांगितलं. दिलेल्या शब्दाची त्यांना थोडी लाज होतीच.

"कोंबडा?" कोकिळाबाईंच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली आलं. "ह्या दारात? आधी माझ्या मानेवर सुरी फिरवा, मग आणा कोंबडा! सासूबाई कोहळा कापायच्या, आपण कोहळा कापायचा. तुमच्या वीराला कळतंय का काय फळ नि काय पाखरू!"

अण्णा हसले. खरं तर त्यांना सुटल्यासारखंच झालं. आपल्यात बळी म्हणून कोहळाच चालतो, शास्त्राला मान्य आहे. त्यांनी कोहळ्याला कुंकू फासलं आणि कोयता घातला. कोहळा जून होता. पातं निम्म्यात रुतलं. अण्णांनी ते उपसून दुसरा घाव घातला, तेव्हा दोन भकलं झाली.

"टांकसाळीतली मनगटं!" कोकिळाबाई म्हणाल्या, आणि धर्माही तोंड फिरवून हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर मेलेलं सापडलं. घरातलंच, मनी नावाचं. न्हाणीच्या दगडावर पडलं होतं, डाव्या कानापासून उजव्या खांद्यापर्यंत तिरकं चिरलेलं. एकच घाव, साफ. कोल्हा, धर्मा म्हणाला. कोल्हा असं चिरतो होय, अण्णा म्हणाले. त्यांना एका गोष्टीचं नवल वाटलं. दगडावर रक्त जेमतेम चमचाभर होतं.

रविवारी पदकं तोलली. सेहेचाळीस बरोबर. सत्तेचाळीसही बरोबर. अठ्ठेचाळिसावं तीन गुंजा जास्त. अण्णांनी तराजू पुसला, वजनं पुसली, पदक पुसलं. तीन गुंजा जास्त. त्यांनी टांकसाळीतून आणलेली पितळी वजनं काढली. तीन गुंजा जास्त.

"चिंचेचा अंश राहिला असेल," ते मोठ्यानं म्हणाले. जवळ कुणीही नव्हतं.

मंगळवारी, भर दुपारी, बाराच्या उन्हात, ते पुन्हा तोलायला बसले. तीन दिवसांत त्यांनी ते पदक किमान वीस वेळा तोललं होतं. वाडीत सगळं शांत. कोकिळाबाई माजघरात पडल्या होत्या. पारडी समतोल, काटा मध्यावर. अण्णा काट्याकडे बघत असतानाच पदकाचं पारडं खाली गेलं. कुणी बोटानं दाबावं तसं, सावकाश.

आणि परसातल्या गोठ्यातून गाईच्या पाडीचा आवाज आला. हंबरडा नव्हे. हंबरड्याची नुसती सुरुवात.

अण्णा धावले. पाडी खुंट्याजवळ पडली होती, मान एका बाजूला आणि धड एका बाजूला. कातड्याच्या पट्टीनंच मान धडाला लागून होती. गाय दावं तोडायला बघत होती, तिचे डोळे पांढरे झाले होते. गवत कोरडं होतं. आणि दारात धर्मा उभा, हातात कोयता.

अण्णांचं डोकं फिरलं. कोपऱ्यातला दांडका उचलून त्यांनी धर्माच्या कपाळावर हाणला. पुन्हा हाणला. आयुष्यात कधी मुंगी मारली नव्हती त्या माणसानं, पण दांडका चालवताना त्यांना बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि तेच त्यांना पुढे कायम आठवत राहिलं. तिसरा फटका धर्मानं हातावर घेतला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"बघा कोयता!" धर्मा ओरडला. डोळ्यांत रक्त उतरत होतं. "बघा की! मी माडावरनं आत्ता उतरलो. पाडीला ह्या हातानं दूध पाजलंय अण्णा, ह्या हातानं!"

कोयत्याच्या पात्यावर ओला चीक होता, झावळीचा. दुसरं काही नव्हतं.

धर्मा गेला, पुन्हा आला नाही. कोकिळाबाई त्याच्या मागे फाटकापर्यंत धावल्या, परत आल्या आणि नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. अण्णांनी पदक तोललं. तीन तोळे, आठ मासे, तीन गुंजा. मग घरातलं एकूणएक पातं गोळा केलं. कोयता, कुऱ्हाड, विळी, अडकित्ता, दाढीचा वस्तरासुद्धा. ट्रंकेत घालून कुलूप ठोकलं आणि चावी विहिरीत टाकली.

"आता दुधीभोपळा दातांनी फोडू का?" कोकिळाबाईंनी अखेर तोंड उघडलं. पण अण्णांचा चेहरा बघून त्या जवळ बसल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दिवसाउजेडी नवऱ्याचा हात हातात घेतला. "काय झालंय हो तुम्हाला?"

अण्णांनी तो हात घट्ट धरून ठेवला. ठमाबाईकडे कुत्रा, बकरी आणि मग माणूस गेला होता; इथे पाडीनंतर कोण, हे ते मनात मोजत होते. आपला जीव गेला तरी चालेल, पण हिचा नको, एवढं एकच त्यांना कळत होतं.

सातव्या दिवशी त्यांनी पदक फडक्यात बांधलं आणि थळ गाठलं.

ठमाबाईनं त्यांना बघताच विचारलं, "दुसरा घाव घातलास?"

"कोहळा होता," अण्णा म्हणाले.

"कोहळा!" ती मटकन खाली बसली. "मेल्या, रगताच्या जागी त्याला फळ दिलंस? त्याला फशीवलंस? आन् वर दुसरा घाव?" मग हलक्या आवाजात, "काय काय गेलं?"

"मांजर. मग पाडी."

"उद्या आठवा. घरात कोन हाय तुज्या?"

"बायको."

ठमाबाईनं कपाळाला हात लावला.

"आत्ता कोंबडा कापतो. दहा कापतो!"

"आता नको त्याला तुजा कोंबडा."

"मग परत घे. हा घे, नारळ आणलाय. घेतला म्हण. ठमाबाई, पाया पडतो तुझ्या." आणि अण्णा राईलकर खरोखरच वाकले, कोळीवाड्याच्या मधोमध, शेजारपाजारच्या बायका बघत असताना.

"माजा एक गेलाय," ती मागे सरली. "दुसरा आत जेवतोय. न्हाय म्हननार मी. तू बी न्हायच म्हनला असतास."

ती पाणी आणायला आत गेली. आतून अनंताच्या हसण्याचा आवाज आला, कुणाशी तरी थट्टा चालली होती. अण्णांनी फडकं सोडलं. देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत पदकाची जुनी जागा रिकामीच होती. त्यांनी ते तिथे सरकवलं. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. मग ते पाण्यासाठी थांबले नाहीत.

टांगा वरसोली ओलांडून गेला तेव्हा त्यांना रडू आलं. अलिबागच्या बाजारात त्यांनी कोकिळाबाईंसाठी अबोलीचा गजरा घेतला.

आठव्या दिवशी सकाळी कोकिळाबाई केसांत तो कालचा गजरा तसाच ठेवून वावरत होत्या. "म्हातारचळ!" असं दोनदा म्हणून झालं होतं, पण गजरा काढला नव्हता. धर्मा नाही म्हणून वाडीला पाणी त्याच घालत होत्या. कप्पी कुरकुरत होती, कण्हत होती. अण्णा ओटीवर बसून ऐकत होते. थळला आत्ता काय चाललं असेल हा विचार आला की ते कप्पीच्या आवाजाकडे लक्ष देत. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण बायको जिवंत होती.

नऊच्या सुमारास फाटक वाजलं. ठमाबाई. चालत आली असावी, पाय धुळीनं माखले होते. तिनं ओटीच्या पायरीवर लाल फडकं ठेवलं.

"ठेवून आलास," ती म्हणाली. "ठेवला म्हंजे दिला न्हाय. मी कुटं घेतला?"

तिच्यामागून अनंता पुढे आला. धडधाकट. कपाळावर घाम, खांद्यावर पंचा. तो अण्णांकडे रागानं बघत नव्हता. त्याच्या नजरेत कीव होती.

अण्णांनी विहिरीकडे मान वळवली.

"अगं!" त्यांनी हाक मारली. "अगं ए! घरात ये!"

"आले हो!" विहिरीवरून आवाज आला. "ही शेवटची कळशी!"

आवाज आला. म्हणजे अजून वेळ होता. विहीर ओटीपासून चाळीस पावलांवर. अण्णांनी धावायला हवं होतं. आळीतलं शेंबडं पोरही धावलं असतं. पण तीस वर्षं त्या हातांनी आधी तोललं होतं आणि मग विश्वास ठेवला होता. त्यांनी फडकं सोडलं, काचेची पेटी उघडली, पदक पारड्यात टाकलं.

तीन तोळे, आठ मासे, तीन गुंजा. काल होतं तेवढंच.

"हे बघ," ते ठमाबाईला म्हणाले. त्यांना हसू फुटत होतं. "वाढलं नाही. बघ, वाढलं नाही."

ठमाबाई तराजूकडे बघतच नव्हती. ती विहिरीच्या दिशेनं बघत होती.

कप्पी कण्हत होती. कळशी वर येत होती.

काटा हलला.

पदकाचं पारडं खाली गेलं. सावकाश. थांबलं नाही.

कप्पी उलटी फिरली, सुसाट, दोर संपेपर्यंत. खाली पाण्यावर कळशी आपटली.

अनंता धावत गेला. तो ओरडला नाही. फक्त परत आला नाही, आणि ठमाबाईनं पदर तोंडात कोंबला.

अण्णा उठले नाहीत. पारडं पेटीच्या तळाला टेकलं होतं. त्यांनी एक तोळ्याचं वजन दुसऱ्या पारड्यात ठेवलं. मग दोन तोळ्यांचं. मग पाच तोळ्यांचं. काटा जागचा हलेना, तेव्हा त्यांनी सवयीनं बोटं पुसली आणि पुढचं वजन उचललं.